आवाज पुढे, ओठ मागे

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या सहा-सात वर्षांपासून कमी ऐकू येते. कानात यंत्र असते, परंतु समोरच्याच्या ओठांकडे पाहिल्याशिवाय त्यांना बोलणे पुरते कळत नाही, आणि ही गोष्ट ते कधीच कबूल करत नाहीत. परभणीच्या आमच्या घरात त्यांच्याशी बोलायचे ते समोर येऊनच, पाठमोरे काही सांगायचे नाही, असा नियम कोणी न घालताच पडून गेला आहे. त्यामुळे गावाकडच्या सप्ताहातले काल्याचे कीर्तन मी मोबाइलवर चित्रित करून आणले आणि हौसेने मोठ्या टीव्हीवर लावले, तेव्हा त्यातला दोष सर्वांत आधी ध्यानात आला तो ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याच. अभंगाचे पहिले चरण संपले नसेल तोच ते म्हणाले, “अरे, ह्याला काय झालंय? आवाज पुढं पळायलाय अन् महाराज मागून तोंड हालवायलेत.”

मला आधी काही दिसेना. सौभाग्यवतींनी तर “बरोबरच तर चालूय की, अण्णा” म्हणून निकालही देऊन टाकला. मग मी महाराजांना सोडून मृदंग वाजवणाऱ्याच्या हाताकडे पाहत बसलो. थाप ऐकू येत होती, आणि ती ऐकून झाल्यावर हात पुडीवर पडत होता. फरक इतका थोडा होता की पापणी लवली तर निसटावा. पण एकदा दिसला तो दिसलाच, आणि पुढचे दोन तास मी कीर्तन ऐकलेच नाही, नुसते हात मोजत बसलो.

जोडणी मी माझ्या मते फार हुशारीने केलेली होती. मोबाइलच्या टाइप-सी छिद्रातून एक अडॅप्टर, त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी एचडीएमआयची वायर टीव्हीला. ही पहिली पायरीसुद्धा सहज साधली नव्हती, कारण टाइप-सी दिसते म्हणून प्रत्येक मोबाइलमधून चित्र बाहेर येतेच असे नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड नावाची सोय असावी लागते. ती २०१४ साली ठरली, पण स्वस्त मोबाइलमध्ये ते छिद्र बहुधा फक्त चार्जिंग आणि फाइली पाठवण्यापुरतेच असते. माझ्या जुन्या मोबाइलला अडॅप्टर लावून टीव्हीचा पडदा काळाच राहिला, तेव्हा स्टेशन रोडच्या दुकानदाराने अडॅप्टर परत घेतला नाहीच, वर “मोबाइल बी त्या लायकीचा लागतो, सर” एवढे ऐकवले. ते बरोबरच होते. पुढे मोबाइल बदलला आणि अडॅप्टर कामाला आला.

आवाजासाठी मात्र मी टीव्हीवर विसंबलो नाही. हल्लीच्या सपाट टीव्हींचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात आणि त्यांतून येणारा आवाज अण्णांना नुसता गलका वाटतो. म्हणून भजनी मंडळाचा जुना अँप्लिफायर आणि त्याचे दोन दणकट स्पीकर मी बैठकीत आणून ठेवले, आणि मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर थेट त्या अँप्लिफायरला दिली. चित्र एका वाटेने, आवाज दुसऱ्या वाटेने. सगळा घोळ या एका वाक्यात आहे, पण तो उमगायला मला दोन आठवडे लागले.

कारण पहिला संशय मी चित्रीकरणावर घेतला. त्यालाही आधार होता. काल्याचे कीर्तन मी पुढच्या रांगेत बसून चित्रित केले होते, आणि आदल्या रात्रीचे कीर्तन माझ्या पुतण्याने मंडपाच्या अगदी शेवटच्या खांबाला टेकून त्याच्या मोबाइलवर काढले होते. तीच वायर, तोच टीव्ही, तेच स्पीकर. पुतण्याचे कीर्तन लावले की ओठ आणि शब्द जुळत, माझे लावले की आवाज पुढे पळे. यावरून कोणीही जो निष्कर्ष काढला असता तोच मी काढला, की माझ्या मोबाइलचा कॅमेरा किंवा माईक सदोष आहे. हा निष्कर्ष साफ चूक होता.

खरी गोष्ट अशी की टीव्ही आपल्याकडे आलेले चित्र लगेच दाखवत नाही. मोबाइलमधून येणारे चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपक्यांचे असते, आणि पडदा ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे चार करावे लागतात. त्यानंतर कण काढणे, कडा उठावदार करणे, रंग भडक करणे. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे हालचाल गुळगुळीत करण्याची सोय. तीत टीव्ही दोन चौकटींच्या (म्हणजे फ्रेमच्या) मध्ये स्वतःच्या मनाने तिसरी चौकट रचतो, आणि मधली चौकट रचायची तर पुढची हाती येईपर्यंत थांबणे भागच असते. सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात एक चौकट म्हणजे ३३ मिलिसेकंद; टीव्हीने अशा तीन चौकटी हातात धरून ठेवल्या की सेकंदाचा दहावा हिस्सा गेला. तेवढ्यात माझ्या अँप्लिफायरला वायरीतून मिळालेला आवाज वाजून मोकळा झालेला असे.

टीव्हीचे स्वतःचे स्पीकर वापरले असते तर हे झालेच नसते, कारण चित्राला आपण किती उशीर करतो हे टीव्हीला पक्के माहीत असते आणि तेवढाच वेळ तो आवाजही अडवून ठेवतो. ज्याला हिशेब माहीत होता त्यालाच मी हिशेबातून बाहेर काढले होते.

या विषयावर बोलताना “आवाज मागे पडतो” असे सर्रास म्हटले जाते आणि तेथूनच उपाय चुकायला लागतात. आवाज मागे पडणे आणि आवाज पुढे पळणे या दोन गोष्टी माणसाला सारख्या खुपत नाहीत. गंगाखेडला गोदावरीच्या काठावर उभे राहून समोरच्या तीरावर कपडे धुणाऱ्या बाईकडे पाहावे. धुणे दगडावर आपटलेले दिसते, हात पुन्हा वर जाऊ लागतो आणि मग आपटल्याचा आवाज येतो. आवाजाला एक मीटर तोडायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, शंभर मीटरला जवळजवळ ३०० मिलिसेकंद. (हवा तापली की आवाज थोडा जोरात धावतो, २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, आणि आमच्या परभणीच्या ४२ अंशांच्या दुपारी ३५६ च्या आसपास. त्याचा कोणाला उपयोग नाही, पण उन्हाळ्याची तेवढीच एक चांगली बाजू.) लहानपणी वीज चमकली की अण्णा आम्हांला आकडे मोजायला लावत आणि तीन आकड्यांना एक किलोमीटर धरत, ते याच हिशेबाने. उशिरा येणारा आवाज आपल्या मेंदूच्या जन्मापासून ओळखीचा असतो. परंतु धुणे आपटण्याआधी आवाज आला, असे नदीच्या कोणत्याही काठावर कधी घडलेले नाही, आणि म्हणून ते घडलेले मेंदूला खपत नाही.

प्रसारणाच्या जगात याचे आकडे फार आधीच बांधलेले आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की पाहणाऱ्याच्या ध्यानात येतो. मागे पडलेला मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. एका बाजूला जवळजवळ तिप्पट सवलत आहे. माझा आवाज नेमका ज्या बाजूला सवलत नाही त्या बाजूला घसरलेला होता.

आणि अण्णांना ते आमच्याआधी का दिसले, याचेही उत्तर जुनेच आहे. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांपुढे ‘गा’ म्हणणारे ओठ ठेवले तर पुष्कळ माणसांना ‘दा’ ऐकू येते. म्हणजे आपण सगळेच थोडेफार ओठांनी ऐकतो. धड कानाच्या माणसाला ते कळत नाही, एवढेच. अण्णांचा तर बराचसा भार ओठांवरच आहे. त्यांच्यासाठी ओठ मागे पडणे म्हणजे चित्राची शोभा बिघडणे नव्हते, शब्दच बिघडणे होते.

किती मिलिसेकंदांचा फरक आहे हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजावे असे ठरवले. चित्रपटवाले दृश्याच्या सुरुवातीला पाटी आपटतात ती याचसाठी. आपटल्याची चौकट आणि आपटल्याचा आवाज जुळवून घ्यायचे. माझ्याकडे पाटी नव्हती, टाळ होते. टाळांच्या कडा एकमेकींवर टेकतात तो क्षण डोळ्यांना नेमका सापडतो आणि नादाची सुरुवात सुईसारखी असते. मुलाला हातभर अंतरावर बसवून टाळ वाजवायला लावले, ते चित्रित केले, टीव्हीवर लावले आणि टीव्हीसमोर दुसरा मोबाइल सेकंदाला ६० चौकटींवर ठेवून तेच पुन्हा चित्रित केले. मग ती फाइल संपादनाच्या अ‍ॅपमध्ये उघडून एकेक चौकट पुढे सरकवली. आवाजाची रेघ उसळते त्या चौकटीत टाळ अजून चार बोटे लांब होते; ते टेकले सात चौकटींनंतर. एक चौकट साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित जास्त, तेव्हा सात चौकटी म्हणजे ११५ च्या वर. हे हाती आल्यावर मात्र मन शांत झाले, कारण आता दोष कल्पनेतला राहिला नाही.

त्यानंतर उपायांची फेरी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा प्रकार बदलून गेम मोड लावला, तर सातच्या दोन चौकटी झाल्या, कारण त्या प्रकारात टीव्ही चित्रावरची बहुतेक सजावट सोडून देतो. गेम मोड हे नाव फसवे आहे. खेळ न खेळणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो आणि त्याला ते कोणी सांगत नाही. दोन चौकटी म्हणजे ३३ मिलिसेकंद, हे ४५ च्या आत बसते. पण त्यात महाराजांचा फेटा आणि मागचा पडदा फिक्कट दिसू लागला आणि घरातून तक्रार आली.

ब्लूटूथचा स्पीकर टीव्हीला जोडून पाहिला. आवाज आधी आकुंचित करायचा, हवेतून पाठवायचा, स्पीकरने तो साठवून उलगडायचा, यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. टाळ टेकून परत सुटल्यावर नाद येऊ लागला. मोजले तर अकरा चौकटी मागे. मोबाइलवरच यूट्यूब पाहताना ब्लूटूथचा हा उशीर जाणवत नाही, त्याचे कारण असे की मोबाइलला स्पीकरचा उशीर माहीत असतो आणि तो चित्रालाच थोडे थांबवून ठेवतो. खेळात तसे थांबवता येत नाही, कारण बटण दाबले की पडद्यावर लगेच काहीतरी घडावेच लागते. म्हणून पुतण्या त्याचे हातात धरून खेळायचे यंत्र टीव्हीला जोडतो तेव्हा ब्लूटूथच्या वाटेला जात नाही.

वायरीविना पाठवण्याचे दोन प्रकार आपल्याकडे एकाच नावाने ओळखले जातात, ते मात्र वेगळे आहेत. मिररिंगमध्ये मोबाइल आपल्या पडद्याचे चित्रण करून ते आवाजासकट टीव्हीकडे धाडतो. २०१२ पासून चालत आलेले मिराकास्ट हे त्यातले. चित्र आणि आवाज एकाच गठ्ठ्यात, प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारून जातात, त्यामुळे दोन्ही उशिरा पोचले तरी एकत्र पोचतात. कास्टिंगमध्ये मोबाइल फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही इंटरनेटवरून ते स्वतःच आणतो, तेव्हा जुळणीचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांचे वाय-फाय एकदम जागे होते आणि मिररिंग अडखळायला लागते, एवढ्याच कारणाने मी ते सोडले.

शेवटी जे जमले ते इतके साधे होते की सांगायला संकोच वाटतो. मोबाइलमधून अँप्लिफायरला जाणारी वायर काढली, आवाजही एचडीएमआयमधून टीव्हीकडेच जाऊ दिला, आणि टीव्हीच्या मागच्या हेडफोनच्या छिद्रातून तीच वायर अँप्लिफायरच्या लाल-पांढऱ्या पिनांना दिली. चित्र आणि आवाज आता शेवटच्या दारापर्यंत एकाच गाडीतून येत होते आणि तेथून टीव्ही आपला हिशेब करून आवाज बाहेर सोडत होता. टाळ मोजले. कधी बरोबर त्याच चौकटीवर, कधी एखादी चौकट इकडेतिकडे. सजावटही परत चालू केली, फेटा पुन्हा भगवा झाला. आता माझे मत असे बनले आहे की आवाज आणि चित्र यांची वाटणी जितकी उशिरा करता येईल तितकी उशिरा करावी. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये जे ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ नावाचे सेटिंग असते ते बहुधा आवाजाला आणखी थांबवू शकते, मागे पडलेला आवाज पुढे आणू शकत नाही.

उपकरणांनी हे आपसात बोलून ठरवावे अशी सोय खरे म्हणजे २००६ च्या एचडीएमआय १.३ पासूनच आहे: आपल्याला चित्राला किती वेळ लागतो हे टीव्ही वायरीतूनच सांगतो आणि समोरच्याने तेवढा आवाज थांबवायचा. पण हे बंधन नव्हते. पुढे २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधल्या ईआर्कमध्ये, म्हणजे टीव्हीतून आवाज त्याच वायरीने बाहेरच्या स्पीकरकडे पाठवण्याच्या सोयीत, ते सक्तीचे झाले, तेही साउंडबार किंवा नव्या अँप्लिफायरसाठी. भजनी मंडळाचा अँप्लिफायर या चर्चेत कधीच नव्हता.

याच दिवसांत गेल्या वर्षीच्या सप्ताहाचा पेनड्राइव्ह लावला, जो शूटिंगवाल्याकडून आला होता, आणि त्यात वेगळीच तऱ्हा निघाली. आरंभी सगळे जुळलेले, पण फरक वाढत वाढत दोन तासांनी आरतीच्या वेळी सात सेकंदांवर गेलेला. अशा वाढत्या फरकाला वायरी बदलून उपयोग नसतो, तो फाइलमध्येच असतो. चित्र सेकंदाला २९.९७ चौकटींचे आणि कोठेतरी ते ३० चे म्हणून धरले गेले, की हजारात एक एवढी तफावत पडते आणि ताशी ३.६ सेकंद निसटतात. दोन तासांचे सात सेकंद अगदी हिशेबात बसले. ठरावीक फरक आणि वाढता फरक हे आधी ओळखले तर पुष्कळ कष्ट वाचतात.

अण्णांना हे सांगू लागलो तेव्हा त्यांनी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतले तंबूतले सिनेमे काढले. मशीनवाल्याची फिल्मची सैल कमान बिघडली की नायिका एक बोले आणि दिसे दुसरेच, आणि सगळा तंबू शिट्ट्या वाजवी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेली असते, कारण आवाज वाचणारे डोके चित्राच्या खिडकीच्या खाली, अंतरावर असते; सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने तो पाऊण सेकंदाहून जास्त फरक मशीनवाल्याला फिल्मच्या त्या कमानीनेच सांभाळावा लागे. हे मी त्यांना समजावले. “म्हणजे तुझं अन् त्याचं एकच झालं की,” अण्णा म्हणाले.

राहिले पुतण्याचे कीर्तन. जोडणी सुधारल्यावर माझे चित्रण नीट झाले आणि इतके दिवस नीट दिसणारे त्याचे चित्रण आता मागे पडू लागले. आवाज थापेनंतर येऊ लागला. तेव्हा कोठे उलगडले. मंडप सुमारे तीस मीटर लांब, स्पीकर फक्त व्यासपीठापाशी, आणि पुतण्या शेवटच्या खांबाला. आवाज त्याच्या मोबाइलपर्यंत पोचेपर्यंतच ८५-९० मिलिसेकंद गेलेले होते आणि ते फाइलमध्ये कायमचे नोंदले गेले होते. टीव्ही चित्राला जो उशीर करत होता त्यातला बहुतेक उशीर या उशिराने फेडला जाई, आणि उरलेले तीसेक मिलिसेकंद कोणाच्या डोळ्यांत येत नसत. दोन चुकांनी मिळून एक बरोबर कीर्तन तयार केले होते, आणि त्याच्या जोरावर मी माझ्या निर्दोष कॅमेऱ्याला दोष देत होतो.

व्हीएलसी या व्हिडिओ लावायच्या अ‍ॅपमध्ये आवाज तेवढा अलीकडे ओढता येतो, फाइल आपल्या हातात असल्यामुळे तेथे पुढचे आधीच वाचता येते. ओढण्यापूर्वी अण्णांना ते तसेच लावून दाखवले आणि काही खटकते का विचारले. त्यांनी बराच वेळ पाहिले.

“न्हाई, बरोबर हाय,” ते म्हणाले. “पोरगं लांब उभं हाय, म्हणून आवाज उशिरा यायलाय.”

मी ते तसेच राहू दिले.